कॅरॅव्हॅनमधले चार्जिंग पोर्ट आणि प्लग पॉइंट: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा हे सगळं नागपूरहून शनिवार-रविवारच्या टप्प्यात. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. त्यानंतर गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन तयार घेणारे आणि फॅब्रिकेटरकडून बांधून घेणारे, दोन्ही प्रकारचे लोक भेटू लागले. गाडी घेताना पलंग, ओटा, खिडक्या नीट पाहिल्या जातात. वायरिंग कोणी उघडून पाहत नाही. मग पहिल्याच सहलीत फोन चार्ज होत नाही आणि प्रश्न सुरू होतात. बहुतेकांना नवा पोर्ट कोणता घ्यावा हे हवं असतं. आमचं उत्तर मात्र सहसा पोर्टच्या मागच्या तारेपासून सुरू होतं.

भाऊ, फोन लावला की चार्जिंगचं चिन्ह येते, पण टक्के वाढतच नाहीत. असं काऊन?

जुन्या कॅरॅव्हॅनमधले यूएसबी पोर्ट बहुधा 5 व्होल्ट, 1 अँपिअरचे, म्हणजे 5 वॅटचे असतात. आजच्या 5000 एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-अवर मावतात. त्यात नकाशा सुरू, हॉटस्पॉट सुरू, स्क्रीन सुरू. जेवढं येतं तेवढंच खर्च होतं. पोर्ट बिघडलेला नसतो, तो जुन्या काळातला असतो.

पण लगेच खरेदीला निघू नका. आधी पोर्टच्या मागे मल्टिमीटर लावा. काहीही न जोडता 12.8 व्होल्ट दिसतात आणि दोन फोन लावल्यावर 11.5 वर येतात, असं असेल तर दोष तारेत किंवा जॉइंटमध्ये आहे. तिथे कितीही महागडा पोर्ट बसवला तरी तो उपाशीच राहील.

नवा पोर्ट कोणता घ्यावा?

एक टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) पोर्ट, 60 वॅट किंवा त्याहून जास्त, आणि जोडीला एक साधा यूएसबी-ए. पलंगाजवळ एक असा संच, टेबलाजवळ दुसरा. एवढं चौघांच्या कुटुंबाला पुरतं. पीडीमध्ये फोन किंवा लॅपटॉप आपल्याला हवा तो व्होल्टेज, म्हणजे 5, 9, 15 किंवा 20, पोर्टकडून मागून घेतो. त्यामुळे एकाच पोर्टवर दोन्ही चालतात. 60 वॅटच्या वर जायचं असेल तर केबलही 5 अँपिअरची लागते, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

काही कंपन्यांच्या फोनचं जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर पूर्ण वेगाने चालतं. तो फोन पीडी पोर्टवर हळू भरला तर पोर्टला दोष देऊ नका.

निळा व्होल्टमीटर असलेले पोर्ट दिसायला छान असतात, पण तो आकडा रात्रंदिवस बॅटरी खातो. 15 मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला जवळपास 11 अँपिअर-अवर झाले. गाडी दोन-दोन महिने शेडमध्ये उभी राहते, म्हणून पोर्टच्या आधी एक स्विच हवाच.

सिगारेट लायटरचं गोल सॉकेट ठेवायचं असेल तर टायरच्या पंपापुरतं ठेवा. त्यातला प्लग स्प्रिंगच्या जोरावर अडकलेला असतो. चिखलदऱ्याच्या घाटातले दोन-चार हादरे बसले की तो सैल होतो, आणि सैल संपर्क म्हणजे उष्णता.

तार किती जाडीची टाकायची?

सगळ्या कामाचं मर्म इथे आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

घरी 230 व्होल्टवर 100 वॅटसाठी अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह लागतो. तेच 100 वॅट 12 व्होल्टवर घ्यायचे तर पोर्टमधला तोटा धरून जवळपास 9 अँपिअर. शिवाय घरी एक-दोन व्होल्ट वाटेत गळाले तर कळतही नाही. इथे एक व्होल्ट म्हणजे बाराव्या हिश्शाचं नुकसान.

समजा बॅटरी पुढे आहे आणि पोर्ट मागच्या पलंगाजवळ, 5 मीटरवर. प्रवाह जातो तसा परतही येतो, म्हणून तार 10 मीटर मोजायची. तिच्यातून 10 अँपिअर घेतले तर दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) तारेत 1.2 व्होल्ट पडतात, अडीचमध्ये पाऊण, चारमध्ये अर्धा आणि सहा एमएममध्ये सुमारे एक तृतीयांश व्होल्ट. बॅटरी अर्धी उतरलेली असताना दीड एमएमवरचा पीडी पोर्ट अकराच्या आसपास पोहोचतो आणि काही पोर्ट तिथे चार्जिंग तोडतात. मग लॅपटॉप दर मिनिटाला लागतो-सुटतो आणि माणूस चार्जर बदलत बसतो.

आमचा सल्ला: लांबच्या पोर्टला चार एमएम. एकाच तारेवर दोन-तीन पोर्ट असतील तर सहा. जवळच्याला अडीच चालते. तारेत वाचवलेले पैसे पुढे प्रत्येक सहलीत वसूल होतात, तेही उलट्या दिशेने.

तार तांब्याची, अनेक बारीक धाग्यांची हवी. जाड एकेरी गाभ्याची तार घरच्या भिंतीत ठीक, चालत्या गाडीत ती हादऱ्यांनी तुटते. निगेटिव्हसाठीही वेगळी तार बॅटरीपर्यंत न्या. चासीवर स्क्रू मारून निगेटिव्ह घेण्याची पद्धत ट्रकवाल्यांची आहे. दोन पावसाळे झाले की त्या स्क्रूखाली गंज चढतो.

व्हिडिओत ‘12 गेज’ सांगतात. दुकानात तेच मागू का?

मागू नका. अमेरिकी 12 गेज म्हणजे 3.3 चौरस मिलिमीटर. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापाचं 12 गेज म्हणजे जवळपास साडेपाच. इटवारीत असो की बर्डीवर, एमएममध्येच मागा आणि वेष्टणावर छापलेलं वाचून घ्या.

फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा?

फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. पोर्ट जळाला तर नवा आणता येतो. पलंगाखालची तार पेटली तर सगळाच कारभार आटोपतो. म्हणून फ्यूज पोर्टजवळ नाही, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. तिथून पुढे फ्यूज बॉक्स आणि प्रत्येक पोर्टच्या फांदीला वेगळा ब्लेड फ्यूज. पोर्टच्या चार एमएम तारेला 15 अँपिअरचा निळा किंवा 20 चा पिवळा पुरे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून 30 चा हिरवा खोचणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

लिथियम बॅटरीत शॉर्ट झाला तर क्षणात प्रचंड प्रवाह सुटतो. तिच्या मुख्य तारेवर साधा ब्लेड फ्यूज नको, क्लास टी प्रकारचा फ्यूज बसवा.

घरातली उरलेली एमसीबी 12 व्होल्टसाठी वापरली तर?

नको. घरचा एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यातून जातो, तेव्हा एमसीबीतली ठिणगी आपोआप विझते. डीसीत शून्य येतच नाही, ठिणगी तशीच टिकू शकते. डीसीसाठी छापील रेटिंग असलेलीच घ्या.

आम्ही घरासारखी मोड्युलर प्लेट बसवली, तिच्यातच यूएसबी आहे. तरी बॅटरी सकाळपर्यंत उतरते. का?

हल्ली सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच. फॅब्रिकेटरचा वायरमन घरं करणारा असतो, तो सवयीने घरचीच प्लेट लावतो. त्या प्लेटमधला यूएसबी 230 व्होल्टवर चालतो. जंगलाच्या कडेला मुक्काम असेल तर 230 फक्त इन्व्हर्टरमधून येतं. म्हणजे बॅटरीचे 12 व्होल्ट चढवून 230 करायचे आणि प्लेटने ते पुन्हा उतरवून 5 करायचे.

त्यापेक्षा मोठा खर्च इन्व्हर्टरच्या नुसतं जागं राहण्याचा असतो. काहीही न जोडता मध्यम आकाराचा इन्व्हर्टर 15 वॅटच्या आसपास खातो. दहा तासांत 150 वॅट-अवर झाले, आणि फोनला लागले वीस-पंचवीस. ओझं फोनचं नाही, त्याच्या पालखीचं आहे.

उपाय सोपा: फोन, लॅपटॉप, दिवे, पंखा, पाण्याचा पंप थेट 12 व्होल्टवर. इन्व्हर्टर मिक्सर किंवा कॅमेऱ्याच्या खास चार्जरपुरता, आणि त्याचा रिमोट स्विच हाताशी. मोड्युलर प्लेट काढायची गरज नाही, बाहेरची वीज जोडलेली असताना ती कामाची आहे.

म्हणजे लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लागतच नाही?

टाइप-सीवर चालणाऱ्याला नाही. गोल पिनच्या जुन्या लॅपटॉपसाठी 12 व्होल्टवर चालणारे अडॅप्टर मिळतात. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या ट्रेलरला 30 अँपिअरची जोडणी दाखवतात. आपणही तेवढी घ्यायची?

तिकडे व्होल्टेज 120 आहे. 30 अँपिअर गुणिले 120 म्हणजे 3600 वॅट. आपला 16 अँपिअरचा पॉवर प्लग 230 वर 3680 वॅट देतो. म्हणजे त्यांच्या 30 अँपिअरच्या तोडीचं आपल्याकडे घरच्या गिझरच्या पॉइंटवरच आहे. तिकडून मागवलेले सॉकेट, स्विच किंवा उपकरणं इथे मात्र वापरू नका. 120 व्होल्टची वस्तू 230 वर लावली की धूरच.

ट्रेलरच्या अंगावर बाहेरून वीज घेण्यासाठी निळा, तीन पिनचा, झाकणवाला 16 अँपिअरचा इंडस्ट्रियल इनलेट बसवा. तिथून तीन कोअरची अडीच एमएम फ्लेक्झिबल केबल. केबल रीळवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळीत उष्णता कोंडते आणि वेष्टण वितळतं.

आत किती प्लग पॉइंट द्यावेत?

16 अँपिअरचा एक, ओट्याजवळ पण शेगडी आणि नळ दोन्हींपासून लांब. 6 अँपिअरचे तीन-चार. सगळे आयएसआय खुणेचे. कुठल्याही देशाचा प्लग जातो असं मिरवणारी सॉकेट टाळा, त्यात कुठलाच प्लग घट्ट बसत नाही. आणि सिलिंडरच्या कप्प्यात स्विच, सॉकेट, पोर्ट काहीही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो; स्विचमधली ठिणगी त्याला पुरते.

ढाब्यावर किंवा रिसॉर्टवर वीज घेताना काय पाहायचं?

अर्थिंग. तीन पिनचं सॉकेट दिसलं म्हणजे तिसऱ्या भोकामागे तार असेलच असं नाही. दिवे लागून सांगणारा छोटा सॉकेट टेस्टर डॅशबोर्डमध्ये ठेवा; अर्थ नसणं, फेज-न्यूट्रलची अदलाबदल, दोन्ही तो दाखवतो.

इनलेटनंतर लगेच 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि दोन्ही तारा तोडणारी डबल-पोल एमसीबी हवी. एकेरी एमसीबी असेल आणि बाहेर फेज-न्यूट्रल उलटे असतील तर ती न्यूट्रल तोडते, फेज आतच राहतो. ट्रेलरची चासी आणि पत्रा इनलेटच्या अर्थ पिनला जोडलेला असलाच पाहिजे. हे जोडलेलं असेल आणि बाहेर चांगलं अर्थिंग असेल तर गळती होताक्षणी आरसीसीबी पडते. अर्थिंग नसेल तर पत्रा जिवंत राहतो आणि ओल्या चिखलात अनवाणी उभ्या माणसाने दाराला हात लावल्यावरच ती पडते. तेव्हाही ती बहुधा जीव वाचवते, पण तोवर थांबायचं कशाला? अर्थ नाही दिसला तर त्या जागेची वीज घेऊ नका, एक रात्र बॅटरीवर निघते.

आरसीसीबी जास्त लोडपासून वाचवत नाही, ते काम एमसीबीचं. दोन्ही एकत्र हवं असेल तर आरसीबीओ घ्या. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज एकाच प्लगवर कशी द्यायची?

मध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर स्विच लावून. दोन्ही स्रोत एकत्र भिडले तर इन्व्हर्टर जागीच संपतो.

नागपूरच्या उन्हाळ्याचा काही वेगळा विचार करावा लागतो?

करावाच लागतो, आणि परदेशी व्हिडिओंमध्ये तो सापडत नाही. ते लोक बॅटरी गारठू नये म्हणून धडपडतात. आपल्याकडे मे महिन्यात, नवतप्यात, बाहेर 45 अंश आणि उन्हात उभ्या बंद ट्रेलरमध्ये त्याहून कितीतरी जास्त.

तारेपासून पाहू. साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा 70 अंश. छताच्या पत्र्याखाली ती तार आधीच साठ-पासष्टला पोहोचलेली असते, स्वतःच्या प्रवाहाने तापायला तिला जागाच उरत नाही. छतातून तार न्यायची असेल तर 85 अंशांची एचआर-एफआर (उष्णता सोसणारी, आग रोखणारी) घ्या आणि एक माप जाड घ्या. शक्य असेल तर छत सोडून फरशीलगत किंवा कपाटामागून न्या. तांब्याचा रोधही तापल्यावर वाढतो, 20 अंशांवरून 60 वर गेल्यास सुमारे 16 टक्के. वरच्या व्होल्टेजच्या हिशोबात तेवढी भर घाला.

बंद प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेला पीडी पोर्ट गरम झाला की स्वतःच वॅट कमी करतो. फोनही तेच करतो. म्हणून पोर्टच्या मागे हवा खेळायला जागा सोडा आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी राहणारी बाजू टाळा. दुहेरी चिकट टेपवर लावलेला पोर्ट मेमध्ये हातात येतो, स्क्रूच लावा.

बऱ्याच लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरींच्या माहितीपत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा 45 ते 55 अंशांच्या दरम्यान दिलेली असते. बॅटरीचा कप्पा दुपारी तिथे पोहोचला तर बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, चार्जिंग बंद करतं आणि ‘सोलर बिघडलं’ अशी तक्रार येते. कप्प्याला जाळी आणि छोटा पंखा द्या. लेड-ॲसिड असेल तर पाणी उन्हाळ्यात जास्त वेळा पाहावं लागतं, आणि तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हवा बाहेर जायलाच हवी.

उन्हाळ्याच्या शेवटी उंदरांचाही विचार करा. उभ्या ट्रेलरमध्ये ते तारा कुरतडतात. तारा फ्लेक्झिबल कंड्यूटमधून घ्या, भोकं बुजवा, पत्र्यातून जाताना रबरी ग्रॉमेट लावा.

गाडी ओढत असतानाच ट्रेलरची बॅटरी भरता येते का?

येते, पण टेल-लाइटच्या सात पिनच्या कनेक्टरमधल्या बारीक तारेवर विसंबून नाही. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बरेचदा स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो गरजेप्रमाणे व्होल्टेज खाली आणतो. मधे हे घटलेलं व्होल्टेज चढवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, गाडीच्या बॅटरीपासून 10 किंवा 16 एमएमची वेगळी जोडी न्या आणि कपलिंगजवळ 50 अँपिअरचा अँडरसन कनेक्टर द्या. फ्यूज दोन्ही टोकांना, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. 20 अँपिअरचा चार्जर असेल तर समृद्धीवरून शिर्डीपर्यंतच्या 520 किलोमीटरमध्ये 100 अँपिअर-अवरची रिकामी बॅटरीही भरून निघते.

छतावर सोलर टाकलं तर पुरेल?

फोन, दिवे, पंख्यापुरतं पुरतं. 100 वॅटचं सपाट बसवलेलं पॅनेल स्वच्छ दिवशी साधारण 400 वॅट-अवर देतं. गंमत म्हणजे मेच्या रणरणत्या उन्हात पॅनेल तापून दर अंशाला सुमारे 0.4 टक्के गमावतं. पत्र्यावर चिकटवू नका, खाली हवा राहू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर समाधान माना.

आणि कूलर?

हा प्रश्न फक्त विदर्भातूनच येतो! घरचा छोटा कूलर 150 ते 200 वॅट घेतो. 100 अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत एकूण 1280 वॅट-अवर असतात, म्हणजे इन्व्हर्टरवर रात्रभर चालवलात तर पहाटे सगळं बंद. त्यापेक्षा 30 वॅटच्या आसपासचा डीसी पंखा आणि छोटा डीसी पंप असलेला कूलर बांधून घ्या. त्याच्यासाठी वेगळी चार एमएम फांदी ठेवा, पोर्टच्या तारेवर जोडू नका. एसी फक्त बाहेरची वीज असताना.

ट्रेलरमधून इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करता येईल?

बाहेरची वीज जोडलेली असताना, 16 अँपिअरच्या पॉइंटवरून, हो. बॅटरीवर नाही, बऱ्याच स्कूटरची बॅटरी तुमच्या ट्रेलरच्या बॅटरीच्या दुपटीहून मोठी असते.

हे काम कोणाकडून करून घ्यावं?

अडचण अशी की घरचा वायरमन 230 जाणतो, ऑटो इलेक्ट्रिशियन 12 जाणतो, आणि कॅरॅव्हॅनमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात. वायरमनसाठी काळी तार म्हणजे न्यूट्रल, ऑटोवाल्यासाठी काळी म्हणजे निगेटिव्ह. एकाच बोर्डात दोन्ही काळ्या आल्या की पुढचा माणूस फसतो. म्हणून दोन्ही प्रणालींचे कंड्यूट वेगळे, बोर्ड वेगळे, आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. 230 चं काम परवानाधारक वायरमनकडूनच करा. 12 चं काम हौशी माणूस स्वतः करू शकतो, पण पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट चालणार नाही. योग्य मापाचा लग, क्रिम्पिंग टूल आणि हीट श्रिंक. पक्कडीने दाबलेला लग हाताने ओढून पाहा, बहुतेक वेळा सुटून येतो.

सोसायटीत उभ्या ट्रेलरला वीज कशी द्यायची?

समितीची लेखी परवानगी घेऊन आपल्या मीटरवरून स्वतंत्र पॉइंट. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लोंबणारी एक्स्टेंशन कॉर्ड नको.

पोर्ट वाढवले तर आरटीओत कळवावं लागतं का?

नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतात. चार्जिंग पोर्ट हा तसा तपशील नव्हे. मात्र छताची उंची वाढवणारी चौकट किंवा बांधणीतला बदल सोबत करणार असाल तर एमएच 31, 40 किंवा 49, जिथे नोंद असेल तिथे आधी विचारा.

काम झाल्यावर तपासायचं कसं?

सगळे पोर्ट एकदम लोडवर लावा: दोन लॅपटॉप, चार फोन, पंखा. अर्धा तास चालू द्या. मग प्रत्येक पोर्टच्या मागे व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या टोकाशी फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. फ्यूज, लग, कनेक्टर यांच्यावर हाताची पाठ टेकवा, मात्र फक्त 12 व्होल्टच्या बाजूला. कोमट चालेल; चटका बसला तर तो जॉइंट पुन्हा करा. 230 च्या बाजूला टेस्टर आणि आरसीसीबीचं बटण. त्यानंतर रामटेकपर्यंत एक फेरी मारून या आणि परतल्यावर सगळे स्क्रू पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत काही ना काही सैल होतंच.